आधी रेषा, मग दगड: कर्लिंगच्या एका प्राथमिक वर्गाचा आढावा

कर्लिंग म्हणजे दोन संघांनी बर्फावरून जड दगड घसरवत पलीकडच्या वर्तुळांच्या मध्याजवळ थांबवण्याचा खेळ. त्याची तोंडओळख करून देणारे वर्ग बहुधा घाईत असतात. नवख्या माणसाच्या पायामागे हॅक, म्हणजे पाय रोवायचा रबरी आधार, आणि हातात दगड देऊन त्याला लगेच घसरायला लावतात. त्यात मौज असते, दोन-चार वेळा आपटणे होते, फोटो निघतात आणि खेळ नेमका काय होता हे न कळताच माणूस घरी परततो. ज्या दोन तासांच्या वर्गाविषयी येथे लिहीत आहे, त्याची रीत उलटी होती. पहिला बराच वेळ कोणालाही दगडाला हात लावू दिला गेला नाही. प्रशिक्षिकेने सगळ्यांना बर्फावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत नेले आणि प्रत्येक रेषेपाशी थांबून त्या रेषेशी कोणता नियम बांधलेला आहे, ते समजावून सांगितले. काही जण या चालण्याला कंटाळलेले दिसले. मला मात्र हाच या वर्गाचा सर्वांत मोठा गुण वाटला, कारण कर्लिंगचे बहुतेक महत्त्वाचे नियम बर्फावरच्या कोणत्या ना कोणत्या रेषेपाशी सुरू होतात किंवा संपतात, आणि ती रेषा एकदा डोळ्यांत बसली की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

सुरुवात शीटपासून झाली. शीट म्हणजे एका सामन्यासाठी आखलेली बर्फाची पट्टी. जागतिक स्पर्धांच्या नियमांप्रमाणे तिची लांबी 45.720 मीटर आणि रुंदी जास्तीत जास्त 5 मीटर असते. जुन्या इमारतीत जागा अपुरी असेल तर याहून थोडी आखूड आणि अरुंद शीटही चालते. हे आकडे इतके विचित्र का, असा प्रश्न एकाने विचारला आणि त्याचे उत्तर चोख मिळाले: मूळ मोजमाप फुटांत आहे, लांबी सरळसोट 150 फूट आहे, मीटरचे आकडे नंतर त्यावरून काढलेले आहेत. ज्या स्कॉटलंडमध्ये हा खेळ गोठलेल्या तळ्यांवर वाढला आणि जिथे 1838 मध्ये एडिंबरोत स्थापन झालेल्या क्लबने त्याच्या नियमांना एकसारखे रूप दिले, तिथला फूट आजही बर्फाखाली टिकून आहे. त्यामुळे फुटांत विचार केला तर सगळी आखणी झटकन लक्षात राहते, आणि प्रशिक्षिकेनेही ती तशीच सांगितली.

शीटच्या दोन्ही टोकांना एकसारखी आखणी असते, म्हणून एका दिशेने डाव संपला की पुढचा डाव उलट दिशेने खेळता येतो. एका टोकाच्या वर्तुळांच्या मध्यबिंदूपासून दुसऱ्या टोकाच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर 114 फूट, म्हणजे 34.75 मीटर. या मध्यबिंदूतून आडवी जाते ती टी लाइन. तिच्या मागे 6 फुटांवर बॅक लाइन, पुढे 21 फुटांवर हॉग लाइन, आणि टी लाइनच्या मागे 12 फुटांवर ती जागा, जिथे रबराचे हॅक बसवलेले असतात आणि जिथे पाय रोवून खेळाडू स्वतःला पुढे ढकलतो. या सगळ्यांना मधोमध छेदत जाते ती सेंटर लाइन. प्रशिक्षिकेने मोजपट्टी उलगडून यातली दोन अंतरे आमच्याकडूनच मोजून घेतली, हे मला विशेष आवडले. दूरचित्रवाणीवर हॉग लाइन वर्तुळांच्या अगदी पुढ्यात असल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिच्यावर उभे राहून पाहिले की मधला पट्टा किती ऐसपैस आहे आणि तिथे आडोशाला ठेवलेला दगड का उपयोगी पडतो, हे चटकन कळते.

वर्तुळांच्या समूहाला हाऊस म्हणतात. त्याचे बाहेरचे वर्तुळ 12 फूट व्यासाचे, त्याच्या आत 8 फुटांचे, मग 4 फुटांचे, आणि अगदी मध्यभागी बटन. वर्तुळांना निळा, लाल असे भडक रंग दिलेले असतात, आणि नवख्याला साहजिकच वाटते की आतल्या रंगाला जास्त गुण असतील. तसे काहीही नाही. डाव संपल्यावर ज्या संघाचा दगड मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ असेल, त्या एकाच संघाला गुण मिळतात. आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडाहून जवळ असलेल्या आपल्या प्रत्येक दगडामागे एक, असे ते मोजले जातात. दगड हाऊसमध्ये असला पाहिजे, किमान त्याची कड बाहेरच्या वर्तुळाला वरून पाहता शिवलेली असली पाहिजे, एवढीच अट. म्हणजे आतली वर्तुळे नुसती नजरेने अंतर जोखण्यासाठी आहेत. वर्गातल्या माहितीपत्रकात हाऊसचे रंगीत चित्र होते, पण त्याखाली हे एक वाक्य नव्हते. ते असते तर पुढे सराव सामन्यात झालेला गुणांचा गोंधळ टळला असता.

दोन दगडांपैकी जवळचा कोणता हे नजरेने ठरले नाही तर मोजणीचे उपकरण आणतात. मध्यबिंदूवर बर्फात एक बारीक छिद्र असते. त्यात उपकरणाची खुंटी बसवून दांडा वर्तुळाकार फिरवला की टोकाकडची तबकडी दोन्ही दगडांच्या अंतरातला सूक्ष्म फरक दाखवते. बाहेरच्या वर्तुळाला जेमतेम शिवणाऱ्या दगडासाठी वेगळी, ठरावीक 6 फुटांची दांडी असते. दोन्ही उपकरणे आम्हाला हाताळू दिली. शेवटचा दगड थांबेपर्यंत मोजणी करायची नाही, हा नियमही त्याच वेळी सांगितला गेला. दगड खेळात आहे की नाही, किंवा तो हाऊसपुढच्या संरक्षित पट्ट्यात (त्याविषयी पुढे येईलच) आहे की नाही, हे ठरवण्यापुरताच त्याला अपवाद आहे.

आता हॉग लाइन. माझ्या मते या वर्गातला सर्वांत उत्तम भाग तोच होता. ही रेषा 4 इंच जाड असते आणि दोन्ही टोकांना तिचे काम निरनिराळे असते. दगड सोडणाऱ्या टोकाला ती खेळाडूच्या हाताची हद्द आहे: दगड या रेषेपर्यंत पोहोचण्याआधी हात दगडाच्या वरच्या मुठीवरून स्पष्ट सुटलेला असला पाहिजे, नाहीतर तो दगड ताबडतोब बाहेर. पलीकडच्या टोकाला तीच रेषा दगडाची परीक्षा घेते: दगड तिला पूर्ण ओलांडून आत थांबला नाही तर तो काढून टाकतात, फक्त वाटेत खेळातल्या एखाद्या दगडाला धडकून तो मागे राहिला असेल तर त्याला राहू देतात. पुढे फार गेलेल्या दगडाचे भवितव्य बॅक लाइन ठरवते. तो तिच्या पूर्ण पलीकडे गेला तर बाद, कड तिच्यावर असेल तर खेळात. बाजूच्या रेषेबाबत मात्र अशी सवलत नाही, नुसता स्पर्श झाला तरी दगड गेला. कडेच्या या तीन रेषांचे तीन वेगळे न्याय प्रशिक्षिकेने एकच दगड हाताने हळूहळू सरकवून दाखवले. इंचाइंचाने तो सरकवत ती प्रत्येक वेळी विचारत होती, ‘आता आत की बाहेर?’ पुस्तकातली पाने वाचून जे गोंधळाचे राहिले असते, ते तिथे काही मिनिटांत मिटले.

दगडाविषयीची माहिती नेटकी आणि पुरेशी होती. ग्रॅनाइटचा हा दगड 17.24 ते 19.96 किलो वजनाचा असतो आणि त्याचा परीघ 91.44 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसतो. ऑलिंपिकमधल्या दगडांसाठी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या निर्मनुष्य बेटावरचा ग्रॅनाइट वापरतात. दगड संपूर्ण तळाने बर्फावर टेकत नाही. तो आडवा करून दाखवला तेव्हा खोलगट तळ आणि त्याभोवतीची काही मिलिमीटर रुंदीची खरबरीत कडी दिसली. सगळे वजन त्या कडीवर तोललेले असते. म्हणूनच प्रत्येक फेकीआधी दगड कलता करून ती कडी पुसायची. कपड्याचा एखादा धागा किंवा केस तिच्याखाली अडकला तरी दगड भलतीकडेच वळतो.

बर्फही गुळगुळीत नसतो, आणि ही गोष्ट बहुतेकांना तिथे गेल्यावरच कळली. सपाट केलेल्या बर्फावर बर्फकामगार पाठीवरच्या टाकीतून शुद्ध पाण्याचे थेंब शिंपडत उलट पावली चालत जातो. हात लयीत डावीकडून उजवीकडे फिरत असतो आणि थेंब पडताच गोठून त्यांचे बारीक उंचवटे तयार होतात. मग त्यांचे शेंडे पात्याने किंचित छाटतात. दगड या उंचवट्यांवरूनच पुढे जातो. अगदी सपाट बर्फावर एवढा जड दगड पलीकडच्या हाऊसपर्यंत पोहोचवणेच मुश्किल झाले असते. हातमोजा काढून बोटे फिरवली तर ती खडबड स्पष्ट जाणवते. दगड सोडताना मूठ घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या दिशेकडून बाराकडे आणत त्याला हलकी फिरकी द्यायची, आणि ज्या दिशेला तो फिरेल त्याच दिशेला त्याची वाट वाकते. टेबलावरून पालथा पेला फिरकी देऊन सरकवला तर तो नेमका उलटा वळतो. हे असे का होते, यावर भौतिकशास्त्रज्ञांचा वाद अजून पुरता मिटलेला नाही, हेही प्रशिक्षिकेने प्रांजळपणे सांगितले.

सामन्याचा सांगाडा सांगताना मात्र वर्गाची गती एकदम वाढली आणि इथून पुढे त्रुटी दिसू लागल्या. चार जणांचा संघ, प्रत्येकाचे दोन दगड, दोन्ही संघांनी आळीपाळीने खेळायचे, म्हणजे सोळा दगडांनंतर एक डाव, ज्याला एंड म्हणतात, पुरा; मोठ्या स्पर्धांत असे दहा एंड. शेवटचा दगड ज्याच्याकडे असतो त्या संघाकडे हॅमर आहे असे म्हणतात, आणि गुण मिळवणाऱ्या संघाने पुढच्या एंडला हॅमर सोडायचा असतो. कोणालाच गुण मिळाला नाही तर हॅमर आहे तिथेच राहतो. एवढे सांगून झाले. पण याच शेवटच्या नियमामुळे एक गुण घेण्यापेक्षा मुद्दाम कोराच एंड सोडणे फायद्याचे ठरू शकते, कारण पुढच्या एंडला शेवटच्या दगडावर दोन गुणांची संधी राहते, हा कर्लिंगमधल्या डावपेचांचा गाभा एका वाक्यातही आला नाही. पहिल्या एंडचा हॅमर कसा ठरतो, हेही राहून गेले. मोठ्या स्पर्धांत त्यासाठी सामन्याआधी प्रत्येक संघाचे दोन खेळाडू मध्यबिंदूकडे एकेक दगड टाकतात, एकाने उजवी आणि दुसऱ्याने डावी फिरकी द्यायची, आणि दोन्ही अंतरांची बेरीज ज्याची कमी त्याला निवड मिळते. आमच्या वर्गात नाणेफेक झाली. प्राथमिक वर्गाला ती पुरेशी आहे, पण दुसरी रीत निदान सांगायला हवी होती.

गंभीर तक्रार एकच आहे आणि ती माहितीपत्रकाबद्दल आहे. हॉग लाइन आणि टी लाइन यांमधला, हाऊसच्या बाहेरचा जो पट्टा, त्याला फ्री गार्ड झोन म्हणतात. तिथे थांबलेले दगड गार्ड म्हणून, म्हणजे हाऊसमधल्या दगडाला आडोसा देण्यासाठी ठेवलेले असतात. एकेकाळी प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक दगड उडवून लावत राहणे हीच आघाडीवरच्या संघाची युक्ती असे आणि सामने अतिशय रटाळ होत. कॅनडाचे कर्लिंगपटू रस हॉवर्ड यांच्या सरावातल्या एका खेळावरून सुचलेला आणि तिथल्याच मॉन्क्टन शहरातल्या स्पर्धेत वापरून पाहिलेला नियम यावर उपाय ठरला: एंडच्या सुरुवातीच्या ठरावीक दगडांपर्यंत या पट्ट्यातला प्रतिस्पर्ध्याचा दगड खेळाबाहेर घालवता येत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही मर्यादा बराच काळ चार दगडांची होती आणि 2018-19 च्या हंगामापासून ती पाच झाली. म्हणजे आता सहावा दगड हा असा गार्ड उडवू शकणारा पहिला दगड. आम्हाला दिलेल्या पत्रकात मात्र अजूनही चारच दगड छापलेले होते. प्रशिक्षिकेने तोंडी पाच म्हटले, पत्रकात चार होते, आणि सराव सामन्यात पाचव्या दगडाने एक गार्ड उडवला गेला तेव्हा दोन्ही बाजू आपापला आधार दाखवत उभ्या राहिल्या. एका दगडाचा हा फरक क्षुल्लक नाही. चारच्या नियमात हॅमर नसलेल्या संघाला, म्हणजे पहिला, तिसरा आणि पाचवा दगड टाकणाऱ्याला, आपल्या तिसऱ्या दगडाने समोरचे गार्ड साफ करायला सुरुवात करता येई. पाचच्या नियमात ती संधी प्रथम हॅमरवाल्या संघाला मिळते. पिछाडीवर असलेल्या संघाला परतण्याची वाट यामुळे अधिक रुंद झाली आहे. छापील पत्रक बदलायला फारसा खर्च येत नाही.

नियम मोडला गेला तर काय, हे मात्र नीट सांगितले होते: टाकलेला दगड काढायचा आणि हललेले दगड जिथे होते तिथे परत ठेवायचे. गार्डला धक्का देऊन बाजूला सारणे पण खेळात ठेवणे चालते, असेही सांगितले. इथे आणखी एक ताजा नियम राहिला. सेंटर लाइनला शिवणारा प्रतिस्पर्ध्याचा गार्ड सहाव्या दगडाच्या आधी हलकेच ढकलून त्या रेषेवरून हटवला, तर आता जागतिक स्पर्धांत त्या संघाला तो पूर्ववत ठेवून घेण्याचा हक्क आहे. पूर्वी अव्वल संघ ही ढकलण्याची करामत इतक्या सफाईने करत की गार्डला असलेले संरक्षण नावापुरतेच उरे. सेंटर लाइन ही नुसती नेम धरण्याची रेषा नसून आता तिच्याशीही एक नियम जोडला गेला आहे, आणि ज्या वर्गाची सगळी मांडणीच रेषांवर उभी आहे, त्यात हा नियम गाळला जाणे मला खटकले.

झाडूचा भाग शारीरिकदृष्ट्या सर्वांत दमवणारा होता. सरकत्या दगडापुढे झाडूने घासल्याने बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण घटते, दगड अधिक लांब जातो आणि कमी वळतो. झाडूवर वजन टाकून घासायचे, नुसता हात हलवून काही होत नाही, हे प्रत्येकाकडून करून घेतले. नियम मात्र अर्धाच सांगितला. टी लाइनपर्यंत आपल्या दगडापुढे आपल्या संघातले कितीही जण झाडू मारू शकतात; दगड टी लाइनशी पोहोचल्यावर तिच्यामागे प्रत्येक संघाचा एकच जण, आणि तिथे प्रतिस्पर्ध्यालाही तुमचा दगड झाडून मागे, बॅक लाइनपलीकडे पोहोचवण्याचा प्रयत्न करता येतो. हा दुसरा भाग, जो ऐकताच नवख्यांचे डोळे विस्फारतात आणि ज्यामुळे टी लाइनचा अर्थ पुरा होतो, तो मला शेजारच्या शीटवरच्या एका जुन्या खेळाडूकडून कळला.

चालत्या दगडाला झाडू किंवा पाय लागला तर तो ज्याचा लागला त्याने आपण होऊन सांगायचे, हा संकेत प्रशिक्षिकेने आवर्जून सांगितला आणि सराव सामन्यात पाळूनही घेतला. असा स्पर्श पलीकडच्या हॉग लाइनच्या अलीकडे आपल्याच संघाकडून झाला तर दगड लगेच काढतात. आत झाला तर सगळे दगड थांबू देतात, आणि मग पुढे काय करायचे ते दुसरा संघ ठरवतो: शिवलेला दगड काढून बाकीचे परत जागेवर ठेवायचे, सगळे आहे तसे राहू द्यायचे, किंवा स्पर्श झाला नसता तर दगड जिथे गेले असते असे वाटते तिथे ते मांडायचे. ज्याचे नुकसान झाले त्याच्याच हाती निवाडा सोपवणारा हा नियम माझ्या पाहण्यात इतर खेळांत क्वचितच आहे. खेळाडू दगड सोडत असताना प्रतिस्पर्ध्यांनी हॉग लाइनच्या बाहेर आखलेल्या बारीक खुणांपाशी, कडेला, शांत उभे राहायचे, हेही दाखवले होते.

साहित्याबाबत थोडक्यात. बुटांखाली चढवायचे घसरते तळवे आणि पकड देणारे रबर स्वच्छ होते, झाडूंची कापडे बदलण्याच्या लायकीची झाली होती, शिरस्त्राण मागितल्यावर मिळाले पण न मागता द्यायला हवे होते. एका शीटवर आठापेक्षा जास्त माणसे घेतल्यामुळे शेवटच्या सत्रात रांगेत उभे राहण्यात वेळ गेला, आणि ठरलेला सराव सामना दोन एंडवर गुंडाळावा लागला.

शीटवर आणखी काही खुणा होत्या, ज्यांकडे कोणी बोट दाखवले नाही. हॉग लाइनपासून जवळच्या वर्तुळाच्या कडेपर्यंत, सेंटर लाइनच्या दोन्ही बाजूंना 18 इंचांवर, तिला समांतर अशा दोन बारीक रेषा असतात. चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्यांना हॅकमधून दगड सोडता येत नाही, म्हणून दगड या दोन रेषांच्या दरम्यान ठेवून तिथून सोडण्याची त्यांना मुभा असते. त्या प्रकारात झाडूही नसतो. सेंटर लाइनवरचे ठिपके मिश्र दुहेरीसाठी होते. त्यात प्रत्येक एंडच्या आधी दोन्ही संघांचा एकेक दगड ठरलेल्या जागी मांडलेला असतो आणि मग प्रत्येकी पाच दगड खेळतात. 2018 पासून तो प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे आणि दोघांनाच जमण्यासारखा असल्याने हौशी मंडळींच्या दृष्टीने तो सर्वांत सोयीचा आहे, त्यामुळे त्यावर पाच मिनिटे खर्ची घालणे वाया गेले नसते.

ज्यांना फक्त एकदा बर्फावर घसरून पाहायचे आहे त्यांनी या वर्गाला जाऊ नये. सुरुवातीचे चालणे त्यांना सोसवणार नाही. ज्यांना पुढच्या स्पर्धा समजून पाहायच्या आहेत किंवा एखाद्या क्लबात रीतसर खेळायचे आहे, त्यांना मी हा वर्ग सुचवीन. नाव नोंदवताना एका शीटवर किती जण असतील हे विचारून घ्यावे, आणि हाती येणाऱ्या पत्रकातला चारचा आकडा पेनाने पाच करून घ्यावा.